सल्ला सदर : पेटी नंतर उघडा, आधी आजीजवळ बसा

पत्र : आमचे आबा गेल्या भाद्रपदात गेले. कागदोपत्री वय ९२. १९५२ साली मराठा रेजिमेंटमध्ये भरती झाले, १९७६ साली सुभेदार म्हणून पेन्शनीत आले आणि तेव्हापासून गावातच होते. वर्षश्राद्धाला त्यांच्या आयुष्यावर छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय, हातात पाच महिने आहेत. त्यांच्या लोखंडी पेटीत सात पदकं, डिस्चार्ज बुक, वीसेक निळी आंतरदेशीय पत्रं, उर्दू-मोडीतले काही कागद, काचेला चिकटलेला लग्नाचा फोटो आणि एक लोकरीचा कोट आहे. एका ताऱ्यासारख्या पदकावर 'पश्चिमी' अशी अक्षरं दिसतात. चुलते म्हणतात, आबा एकाहत्तरला ढाक्याला होते, फ्लेक्सवर रणगाडा टाकू. आबा स्वतः लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. आम्हा नातवंडांसाठी मात्र जीव टाकायचे. माझ्या दहावीच्या प्रत्येक पेपरला ते केंद्राबाहेर लिंबाखाली बसून होते. धाकट्या भावाशी त्यांचं चाळीस वर्षं बोलणं नव्हतं, ते लिहावं का? पदकं पुसून चकचकीत करावीत का? सुरुवात कुठून करू? आजी आहेत, ८६ वर्षांच्या.
— एक नात, अंबाजोगाई तालुका

उत्तर :

ताई, आजींचा उल्लेख तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी केलाय. सुरुवात तिथूनच करा. पेटीतला कागद दिवाळीपर्यंत थांबेल. आजींची आठवण, आबांच्या पलटणीतला आसपासच्या गावात कोणी सोबती असेल तर तो, आणि आबांच्या वयाचे गावातले दोन-चार जण, ही मंडळी थांबतील याची खात्री नाही. म्हणून आधी माणसं, मग कागद, मग लेखन आणि शेवटी छपाई. बहुतेक घरी हे उलटं होतं. आधी प्रेस ठरतो, मुखपृष्ठ ठरतं, आणि मजकूर शेवटच्या आठवड्यात कोणीतरी एका बैठकीत लिहून टाकतो.

पुस्तिकेचा विषय नसला तरी एक गोष्ट आधी तपासा. आजींचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालंय का, आणि त्यात वयाची वाढ धरलीय का? वयाची ८० वर्षं पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के आणि ८५ पूर्ण झाल्यावर ३० टक्के जादा रक्कम मिळते. ती मिळते पीपीओवर (पेन्शन देण्याच्या आदेशावर) आजींची जी जन्मतारीख आहे तिच्यावरून. तारीख नसेल, किंवा आधारशी जुळत नसेल, तर वाढ अडकते. अशा वेळी बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि मृत्यूचा दाखला घेऊन जा. नोव्हेंबरातला हयातीचा दाखलाही चुकवू नका. म्हणूनच पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत प्रेसवाल्याकडे किंवा झेरॉक्सच्या दुकानात सोडून येऊ नका. पुस्तिकेसाठी म्हणून दिलेलं डिस्चार्ज बुक दुकान बदललं आणि गहाळ झालं, असं घडतं.

आता आजी. मोबाइलवरचं साधं रेकॉर्डर पुरे, पण फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. फोन आजींपासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर थेट ठेवला तर बांगड्यांचा आणि कपबशीचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा येतो. पंखा आणि कूलर बंद ठेवावा लागतो, म्हणून सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर बसा. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुष्कळ झाली. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि कोण बोलतंय हे तुमच्या आवाजात सांगून ठेवा. दहा वर्षांनी 'रेकॉर्डिंग ०१७' या नावावरून कोणालाच काही कळत नाही. खोलीत एकाच वेळी चुलते, आत्या, सुना असं सगळं घर बसवू नका. आजी एक वाक्य बोलतात आणि पुढचं मुलगा पूर्ण करतो, मग आजी गप्प होतात. एक विचारणारा, एक ऐकणारा, एवढेच बसा.

प्रश्न विचारताना 'साल कोणतं?' असं विचारून हाती काही लागत नाही. त्या पिढीचं कॅलेंडर वेगळं आहे. रझाकारी, पोलीस अ‍ॅक्शन (सप्टेंबर १९४८), संयुक्त महाराष्ट्र (१ मे १९६०), चीनची लढाई, पाकिस्तानच्या दोन लढाया, बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३), नामांतर (१४ जानेवारी १९९४). या खुंट्यांना बांधून विचारा. 'सुकडी वाटत होते तेव्हा आबा घरी होते का?' 'लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या तेव्हा मनीऑर्डर येत होती का, आणि पोस्टमन कोण होता?' 'भूकंपाच्या पहाटे आबा कुठे झोपले होते?' दोन मुलांच्या जन्मांमधलं अंतरही चांगली खूण आहे, कारण ते बहुधा रजेशी जुळतं. १९७२-७३ बद्दल सविस्तर विचाराच. नवरा फौजेत, घरी पाण्याचा ठणठणाट, हातात मनीऑर्डरीचे पैसे आणि बाजारात धान्य नाही, हे आजींनी कसं रेटलं ते आबांच्या चरित्रात यायलाच हवं. ते अर्धं चरित्र आजींचं आहे.

'लढाई कशी होती?' हा प्रश्न कोणत्याही जुन्या फौजीला विचारू नका. उत्तर ठरलेलं येतं आणि ते ऐकीव असतं. आबांच्या सोबत्याला विचारा, बूट कुठे वाळवायचात, लंगरमध्ये भाकरी मिळायची की पोळी, पहिली बर्फाची थंडी कुठल्या पोस्टिंगला लागली, पगाराच्या दिवशी घरी किती धाडायचात, रेल्वे कुठल्या स्टेशनावर बदलायची. शक्य असेल तर हातात वस्तू द्या. कोट, पदक किंवा पत्र हातात आलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

रेकॉर्डिंग त्याच दिवशी दुसरीकडे उतरवा. एक प्रत फोनवर, एक पेन ड्राइव्हवर, एक मुंबई-पुण्याच्या भावंडाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटोच्या बाबतीत तर हे विसरूच नका, कारण साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो स्क्रीनवर ठीक दिसतो आणि छापताना धूसर येतो.

आता पेटी. पेटीतली प्रत्येक वस्तू जिथे होती तिथे असतानाच आधी फोटो काढा. कुठला कागद कुठल्या कागदात घडी घालून ठेवलाय यावरून तारखा जुळतात, आणि एकदा सगळं बाहेर ओतलं की तो पुरावा जातो. कागद काढून कोरड्या सुती कापडावर सावलीत पसरा, उन्हात नको. टाचण्या आणि क्लिपा गंजल्या असतील तर ओढू नका. मागची बाजू हलकेच सरळ करून काढा. रबरबँड वितळून चिकटलं असेल तर तसंच राहू द्या. लॅमिनेशन करू नका, हे ठणकावून सांगतो. प्लॅस्टिकच्या पट्टीत उष्णतेने दाबलेला जुना कागद परत सुटत नाही, आत ओल राहिली तर तिथेच पिवळा पडतो, आणि पुढे दुरुस्तीचा रस्ता बंद होतो. सेलोटेप आणि फेविकॉलही नको. फाटलेल्या कडा जुळवून पांढऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवल्या तरी पुरे.

स्कॅनिंगला तालुक्याला जाल तेव्हा कागदपत्रं ३०० डीपीआय आणि छोटे फोटो ६०० डीपीआयने करून मागा. पासपोर्ट आकाराचा फोटो १२०० ने. मोबाइलच्या स्कॅन अ‍ॅपमध्ये 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडू नका. डिस्चार्ज बुकात पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी आणि फिकट शिक्के त्यात साफ गायब होतात. काचेला चिकटलेला लग्नाचा फोटो सोडवायचा प्रयत्न अजिबात करू नका. ओला केला किंवा पातं घातलं की चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकट स्कॅन करा. स्कॅनरवर बसत नसेल तर खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो घ्या, आणि फोन धरणाऱ्याच्या मागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत चकाकी येत नाही.

एक खूण ध्यानात ठेवा. पदकं डाव्या छातीवर लावतात. एखाद्या वर्दीतल्या समोरून काढलेल्या फोटोत ती आबांच्या उजव्या छातीवर, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, दिसत असतील तर फोटो उलटा छापला किंवा स्कॅन झालाय. आणि अ‍ॅपमध्ये घालून जुना फोटो रंगीत करायचा मोह आवरा. अ‍ॅप फितीचे रंग मनाने भरतं, आणि फौजेतला माणूस पहिल्या नजरेत ती चूक पकडतो.

पदकं पुसू नका. पितांबरी, चिंच, ब्रासो, राख, काहीही नको. गोल पदकाच्या कडेवर शिपाई क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. घासण्याने पहिली झिजतात ती हीच अक्षरं. कोरड्या मऊ सुती फडक्याने धूळ टिपा, बस. कडा भिंगाखाली वाचा आणि जसं आहे तसं उतरवून घ्या. नाव नसलेलं पदक सापडलं तर घाबरू नका. परेडला लावायला म्हणून बाजारातून दुसरा संच घ्यायची पद्धत आहे, आणि तशी पदकं कोरी असतात. उलट दुसऱ्याच क्रमांकाचं पदक निघालं तर ते आबांचं म्हणून छापू नका. सोबत्याचं राहून गेलेलं असू शकतं.

आता ढाक्याचं. पदकांचं म्हणणं घरच्या बोलण्यापेक्षा पक्कं असतं, पण त्यांना काय म्हणायचंय ते कळलं पाहिजे. १९६५ चं रक्षा पदक आणि १९७१ चं संग्राम पदक त्या काळात सेवेत असलेल्या फार मोठ्या संख्येला मिळालं. मागच्या डेपोत असलेल्यालाही मिळालं. त्यावरून माणूस आघाडीवर होता असं म्हणता येत नाही. १९६५ चा समर सेवा स्टार, आणि १९७१ चे पूर्वी स्टार व पश्चिमी स्टार हे मात्र प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रातल्या सेवेचे. पूर्वी म्हणजे आजच्या बांगलादेशाची आघाडी, पश्चिमी म्हणजे पाकिस्तानच्या सरहद्दीची. आबांच्या पेटीत पश्चिमी आहे आणि कडेवर किंवा मागे त्यांचाच क्रमांक असेल, तर १९७१ च्या डिसेंबरात ते ढाक्याकडे नव्हते, पश्चिम सरहद्दीवर होते. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, जंगी पलटण, जमालपूरला लढली. हे सगळीकडे वाचायला मिळतं, आणि त्यामुळे त्या काळात रेजिमेंटमध्ये असलेला प्रत्येक जण पूर्वेला होता असा गावोगाव समज झालाय. एका रेजिमेंटच्या अनेक पलटणी असतात आणि त्या एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी असतात. आबांची पलटण कुठली, हे डिस्चार्ज बुकावरून किंवा अभिलेख कार्यालयाकडून कळल्याशिवाय कुठल्याही लढाईचं नाव छापू नका. चुलत्यांना हे सांगताना 'तुम्ही खोटं बोलता' असा सूर नको. पश्चिमी स्टार हातात द्या आणि वाचायला लावा.

डिस्चार्ज बुक शांतपणे वाचा. त्यात भरतीची आणि फौजेतून सुटल्याची तारीख, हुद्दे, पदकं, चारित्र्याचा शेरा, जखमा, अंगावरच्या ओळखखुणा अशा गोष्टी असतात. हुद्द्याच्या बाबतीत एक घोळ हमखास होतो. आजचा नायब सुभेदार १९६५ पर्यंत जमादार म्हणवला जाई. त्यामुळे जुन्या पत्रात 'जमादार' दिसलं तर ती बढती आहे, दुसरी नोकरी नव्हे. पुस्तिकेत हुद्दा लिहिताना 'सुभेदार (निवृत्त) अमुक' असं न लिहिता 'सुभेदार अमुक (निवृत्त)' असं लिहा. निवृत्त माणूस होतो, हुद्दा नाही.

जन्मतारीख १ जून असेल तर हसू नका आणि विश्वासही ठेवू नका. मास्तरांनी शाळेत घालताना किंवा भरतीच्या साहेबाने अंगकाठी पाहून टाकलेली तारीख आयुष्यभर चालते. आजी म्हणत असतील की आबा पोळ्याच्या आदल्या दिवशी जन्मले, तर दोन्ही छापा. कागदावरची तारीख आणि घरातली आठवण, दोन्ही त्यांचीच. वयाच्या आकड्यावरून भांडू नका.

कागदात न सापडलेलं मिळवायला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. पाच महिने आहेत म्हणताय तर हे पत्र या आठवड्यातच जाऊ द्या, उत्तराला वेळ लागतो. अर्जात सेवा क्रमांक, हुद्दा, भरतीची आणि फौजेतून सुटल्याची तारीख, वडिलांचं नाव, मृत्यूचा दाखला, तुमच्या नात्याचा पुरावा आणि आजींची सही असू द्या. काय हवंय ते नेमकं मागा, म्हणजे कोणत्या पलटणीत कधी ते कधी, आणि मंजूर पदकांची यादी. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलेलं पत्र बाजूला पडतं. सेवा क्रमांक नायब सुभेदार (पूर्वीचा जमादार) झाल्यावर बदलतो, जेसी अशी अक्षरं असलेला नवा मिळतो, म्हणून शिपाई असतानाचा आणि नंतरचा असे दोन्ही द्या. नाव फौजेत जसं लिहिलंय तसंच द्या. ज्ञानोबाचा 'ग्यानबा' आणि विठ्ठलचा 'विठल' झालेला असतो, आडनाव गळालेलं असतं. गावाचा पत्ताही तेव्हाचा द्या. १९५२ साली तुमचा भाग हैद्राबाद राज्यात होता, जिल्हा इंग्रजीत 'भीर' असा लिहीत, आणि अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. मुलांच्या जन्माच्या नोंदीही पलटणीच्या आदेशात, फौजी ज्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात त्यात होत. तुमच्या वडिलांची किंवा आत्यांची खरी जन्मतारीख घरच्यांपेक्षा तिथे नीट सापडू शकते.

निळ्या आंतरदेशीय पत्रांवरचा पत्ता बघा. जवान कुठे आहे हे बाहेर कळू नये म्हणून पत्त्यात गाव नसतं, फक्त 'द्वारा ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे फौजी टपाल कार्यालय). ५६ चं टपाल दिल्लीतून फुटतं, ९९ चं कोलकात्यातून. म्हणजे ९९ दिसलं तर पोस्टिंग बहुधा पूर्वेकडे. एवढंच म्हणा, पुढे तर्क लढवू नका. पत्र उघडताना घडीवर जोर देऊ नका, आंतरदेशीयाचा कागद घडीवरच तुटतो. आधी बाहेरून फोटो, मग हळूच उघडून आतून. पत्रातला मजकूर छापताना आबांचं शुद्धलेखन सुधारू नका. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' पासून 'म्हशीचं काय केलं ते कळवणे' पर्यंत एक पत्र पूर्ण छापा. दहा पत्रांतले सुंदर तुकडे वेचण्यापेक्षा एक पूर्ण पत्र माणूस जास्त दाखवतं.

उर्दू-मोडीतल्या कागदांना घाबरू नका. निजामी अमलातले बहुतेक कागद जमिनीचे, सारा भरल्याचे किंवा शाळेचे असतात. त्यावरचं साल फसली, म्हणजे निजामी महसुली साल असतं. त्यात ५९० मिळवले की जवळपासचं इसवी साल येतं, म्हणजे १३५८ फसली म्हणजे १९४८ च्या सुमाराचं. आझूर, दय, बहमन, इस्फंदार अशी महिन्यांची नावं दिसली तर तोच हिशोब. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधात मराठवाड्यातल्या घराघरांतून असे कागद निघाले आणि वाचून घेतले गेले, तेव्हा तुमच्या भावकीत कोणीतरी मोडी वाचणाऱ्याचा पत्ता बाळगून असणार. आधी तिथे विचारा. जमीन आबांच्या वडिलांच्या नावे कशी आली हे पाहायचं असेल तर तहसीलला १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक मागा. पण पुस्तिकेत या कागदांना अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा देऊ नका. वाचणाऱ्याला आबा हवेत, सर्व्हे नंबर नको.

लेखनाचा हिशोब साधा आहे, तरी तो चुकतो. आबा २४ वर्षं फौजेत होते आणि त्यानंतर जवळजवळ ५० वर्षं गावात. पण अशा पुस्तिका उघडून पाहा, पानं सगळी वर्दीची, आणि पेन्शनीनंतरचं आयुष्य 'उर्वरित आयुष्य त्यांनी शेती व समाजसेवेत घालवलं' या एका ओळीत. ४८ पानांची पुस्तिका असेल तर फौजेला १५-१६ पानं पुष्कळ. बालपण, रझाकारीचा काळ, भरतीसाठी घर कसं सोडलं, याला ८. मोठा वाटा गावातल्या वर्षांना आणि तुम्हा नातवंडांना.

'प्रेमळ, शिस्तप्रिय, देशभक्त, मनमिळाऊ' हे चार शब्द लिहायचेच नाहीत असं ठरवा, मग बघा काय लिहावं लागतं. तुम्ही पत्रात जे एका ओळीत उरकलंय तेच उलगडा. केंद्र कुठल्या गावाला होतं, आबा तुम्हाला कशावरून नेत, पेपर अकराला असेल तर घरून किती वाजता निघत, लिंबाखाली तीन तास काय करत, सोबत काय असे, तुम्ही बाहेर आल्यावर पहिला प्रश्न काय विचारत. पेपर कसा गेला असं विचारत, की आधी पाणी देत? यातलं जे आठवतं तेच लिहा, न आठवणारं भरू नका. चुलत भावंडांनाही असंच करायला सांगा. प्रत्येकाने एकच प्रसंग, हाताने लिहून, दीडशे-दोनशे शब्दांत. 'आबांविषयी दोन शब्द लिही' म्हटलं की सगळ्यांचे दोन शब्द सारखेच येतात. 'आबांनी तुला काय शिकवलं ते हाताने कसं करायचं ते लिही' असं म्हणा. कोणी दोरीची गाठ लिहील, कोणी बूट पॉलिश, कोणी कापसाला फवारताना वारा कसा बघायचा ते.

ते लढाईबद्दल बोलत नसत, हेही लिहा. तेवढंच लिहा. 'त्यांनी किती भयंकर पाहिलं असेल' असली वाक्यं त्यांच्या तोंडी तुमचं बोलणं घालतात. रात्री दचकून उठत असतील, फटाक्यांना आत जाऊन बसत असतील, तर आजींना विचारून, त्या हो म्हणाल्या तरच लिहा, आणि त्यावर कुठल्या आजाराचं नाव चिकटवू नका. बोलता बोलता आजी थांबल्या तर रेकॉर्डर बंद करा, त्या विषयाकडे स्वतःहून परत येतील तेव्हा घ्या.

भावाचं लिहायचं का, हा खरा अवघड प्रश्न. आमचं मत असं की गाळलं तरी चालेल, खोटं मात्र लिहू नका. 'दोघा भावांचं अतूट प्रेम' असं छापलं तर गावातला प्रत्येक माणूस तिथेच पुस्तिका मिटवेल आणि पश्चिमी स्टारवरही विश्वास ठेवणार नाही. लिहायचंच तर बांध, वाटणी, कोर्ट यांच्या तपशिलात न शिरता एक ओळ लिहा, कोणाचं चुकलं हे न सांगता: 'अमुक सालापासून दोघा भावांचं बोलणं नव्हतं.' छापण्यापूर्वी ते पान चुलत आजोबांच्या घरी स्वतः घेऊन जा, फोनवर वाचून दाखवू नका. त्यांच्या घरात आबांचा लहानपणीचा किंवा भरतीच्या वेळचा एखादा फोटो असण्याची शक्यता मोठी आहे. दोन भावांचं फाटलं की जुने फोटोही दोन घरांत वाटले जातात.

छपाईचं थोडक्यात. पानं १६ च्या पटीत ठेवा, फर्मा बसतो आणि कोरी पानं उरत नाहीत. ४८ पानांना सेंटर पिन बांधणी चालते. दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते. आतला कागद ८० किंवा ९० जीएसएम, चकचकीत आर्ट पेपर नको, म्हाताऱ्या डोळ्यांना चकाकी त्रास देते. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, वाचणारे साठीच्या पुढचे आहेत. मोठा धोका फाँटचा आहे. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिणार, प्रेसवाला तो मजकूर त्याच्या जुन्या फाँटमध्ये बदलणार, आणि त्या बदलात रफार, 'ऱ्य', 'ऱ्ह', 'ॲ' कुठल्या कुठे जातात. 'सुभेदाऱ्या' चं काय होतं ते बघाच. प्रेसला थेट युनिकोडमध्येच मांडणी करायला सांगा, आणि प्रूफ स्क्रीनवर न पाहता कागदावर, दोन वेगळ्या माणसांनी, दोनदा वाचा. पहिल्या वाचनात फक्त नावं, तारखा आणि आकडे. फोटोखालच्या ओळीत डावीकडून कोण कोण, हे आजींकडून तपासून घ्या, कारण छापून आल्यावर पाहुणे सगळ्यात आधी तेच वाचतात.

मुखपृष्ठावर आणि फ्लेक्सवर अशोकस्तंभ नको. राजमुद्रेचा खाजगी वापर २००५ च्या कायद्याने बंद आहे, निमंत्रणपत्रिकेवरही. तिरंग्यावर अक्षरं छापू नका, आणि फोटोला तिरंगा गुंडाळू नका. ध्वजसंहितेप्रमाणे तो मान शासकीय आणि लष्करी इतमामातल्या अंत्यविधीचा. रणगाड्याचं म्हणाल तर आबा पायदळातले. चुलत्यांना रणगाड्याऐवजी त्यांचा १९५२ चा भरतीच्या वेळचा फोटो मोठा करून दाखवा, बहुतेक वेळा वाद तिथेच मिटतो.

कार्यक्रमानंतर पेटीचं काय, हे आताच ठरवा. पदकं चार मुलांत वाटू नका, संच फुटला की अर्थ जातो. एकाच्या घरी राहू द्या, आणि बाकीच्यांना फोटो व वस्तूंची सही केलेली यादी द्या. कोट झटकून, कागदापासून वेगळ्या सुती पिशवीत ठेवा. डांबरगोळी ठेवायची तर फक्त कोटाजवळ, कापडात बांधून. फोटो आणि प्लॅस्टिकशेजारी नको, ती त्यांना खाते. कडुलिंबाचा ओला पाला कागदात घालू नका, डाग पडतात. पेटी भिंतीला टेकवू नका, दोन विटांवर ठेवा, कारण वाळवी भिंतीतून येते. दरवर्षी मृगाच्या आधी एकदा उघडून बघा. पुस्तिकेच्या दोन प्रती गावच्या शाळेला आणि एक तालुक्याच्या वाचनालयाला द्या. बेळगावहून उत्तर उशिरा आलं तर छपाई थांबवू नका. पलटणीची ओळ रिकामी ठेवा आणि नंतर एक पानाची पुरवणी छापून प्रतींत घाला.